तिसरा माग आणि ओठांवरचा धोटा : यंत्रस्वीकार व श्रमसंबंध यांचा एक तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या मार्गावर सरोजिनी नगर ही वसाहत आहे. भारत सरकारने १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. इटलीतील मिलान शहराच्या लांब्राते भागातील इनोचेंती या कारखान्याने १९७१ मध्ये ‘लँब्रेटा’ स्कूटरचे उत्पादन थांबविले. त्यानंतर त्या स्कूटरची यंत्रसामग्री, आराखडे, कागदपत्रे आणि बोधचिन्हाचे हक्क असे सारे विकत घेऊन ते सरोजिनी नगर येथे आणण्यात आले. प्रत्यक्ष उत्पादन १९७५ मध्ये सुरू झाले. देशात ‘विजय सुपर’ आणि परदेशात ‘लँब्रेटा’ या नावांनी स्कूटरी गेल्या. पुढे ‘विक्रम’ ही तीनचाकी उत्तर भारतातील अनेक शहरांच्या रस्त्यांवर परिचयाची झाली. दुचाकीचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले आणि कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये घेतला.

उद्योगाच्या इतिहासात या घटनेला मर्यादित जागा मिळेल. परंतु तिच्यातून निर्माण होणारा एक प्रश्न व्यापक आहे. संपूर्ण कारखाना एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेता येतो, असे गृहीत धरताना नेमके काय उचलले जाते? यंत्रे, आराखडे आणि नाव यांची किंमत ठरविता येते. ज्या माणसांनी ती यंत्रे चालविली, त्यांचे परस्परांशी, मुकादमाशी आणि व्यवस्थापकाशी जे नाते होते, त्याची यादी खरेदीखतात नसते. मिलानच्या त्या यंत्रांभोवतीचे नाते तर १९६९ च्या शरदात उत्तर इटलीतील कारखान्यांमध्ये झालेल्या मोठ्या कामगार-आंदोलनांच्या काळातले होते. ते मिलानमध्येच राहिले. सरोजिनी नगरात यंत्रे आली. नाती मात्र नव्याने घडवावी लागणार होती.

यंत्र आणि नाते यांतील हा संबंध तपासण्यासाठी भारतातील सर्वांत समृद्ध सामग्री मुंबईच्या गिरणगावात आणि त्याला समांतर अशा अहमदाबादमध्ये आहे. तेथे एकाच यंत्राची, म्हणजे मागाची, कथा शंभराहून अधिक वर्षे अहवालांत, न्यायनिवाड्यांत, संशोधनात आणि साहित्यात नोंदली गेली आहे. प्रस्तुत निबंधात या सामग्रीच्या आधारे एक प्रतिपादन करावयाचे आहे. कामाच्या ठिकाणचे संबंध नव्या यंत्राचा स्वीकार सुलभ किंवा कठीण करतात, एवढे म्हणणे पुरेसे नाही. ते संबंध कामगाराच्या दृष्टीने यंत्राचा अर्थच निश्चित करतात. आणि ज्याला त्या संबंधांत स्थान नाही, त्याच्यासाठी यंत्राच्या स्वीकाराचा प्रश्न उद्भवतच नाही.

२. म्यूल आणि रिंग : दोन प्रदेश, दोन स्वीकार

‘कामगार यंत्राला विरोध करतो’ हे विधान औद्योगिक इतिहासात इतक्या वेळा आले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज भासत नाही. १८११-१२ मधील इंग्लंडच्या लडाइट चळवळीचे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते. ई. पी. थॉम्प्सन यांनी इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या जडणघडणीवरील १९६३ च्या ग्रंथात हे चित्र मुळातून बदलले. यंत्रे फोडणाऱ्या कारागिरांचा रोख केवळ लोखंडावर नव्हता. मालक आणि कारागीर यांच्यात रूढीने चालत आलेली जी मर्यादा होती, ती मोडून यंत्र आणले जात होते, हे त्यांनी दाखविले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण लँकेशायरच्या कताईत आढळते. रिचर्ड रॉबर्ट्स याने १८२५ ते १८३० या काळात स्वयंचलित म्यूल विकसित केले. कुशल कातणाऱ्यांची पकड त्यामुळे सुटेल अशी मालकांची अपेक्षा होती आणि अँड्र्यू यूर याने १८३५ मध्ये तिचा गौरवही केला. प्रत्यक्षात ही अपेक्षा पूर्ण झाली नाही. कातणारा आपल्या हाताखाली धागे सांधणारी मुले ठेवी, त्यांना वेतन देई आणि त्यांच्यावर लक्ष ठेवी. ही उतरंड मालकालाही सोयीची असल्याने नव्या यंत्राभोवती ती पुन्हा उभी राहिली. अर्थेतिहासकार विल्यम लॅझोनिक यांनी १९७९ मध्ये केलेल्या मांडणीचे सार असे की, यंत्राने संबंध बदलण्याऐवजी जुन्या संबंधांनीच यंत्राला आपल्यात सामावून घेतले. पुढे रिंग-चात्या आल्यावर लँकेशायर म्यूलला दीर्घकाळ चिकटून राहिले. त्यामागे बारीक सुताची बाजारपेठ, कापसाचा प्रकार अशी आर्थिक कारणे होतीच. परंतु हे संबंधही त्यांतील एक कारण होते.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये चित्र निराळे होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या या गिरणीत १८८० च्या दशकात रिंग-चात्यांचा प्रयोग झाला, तोही लँकेशायरने तिचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार करण्यापूर्वी. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील होते. कताईच्या परंपरेचे ओझे त्यांच्यावर नव्हते. नागपूरच्या कामगारांतही म्यूलभोवती रुजलेली कारागिरांची उतरंड नव्हती. शिवाय एम्प्रेस मिलने बक्षिसे, निवृत्तिनिधी आणि अपघात-भरपाई यांसारख्या योजना त्या काळाच्या मानाने फार लवकर अमलात आणल्या. या योजनांमागे कामगार टिकवून धरण्याचा व्यावहारिक हेतू होता, हे उघड आहे. तथापि नव्या यंत्राबरोबरच मालक-कामगार संबंधांची काही नवी हमीही आली, ही बाब लक्षणीय आहे. एकच यंत्र एका प्रदेशात परके आणि दुसऱ्या प्रदेशात स्वाभाविक ठरले. यंत्राच्या गुणधर्मांवरून या फरकाचा उलगडा होत नाही.

३. जॉबर आणि तिसरा माग

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या भागांत जे गिरणगाव वसले, त्यातील कामगाराचा यंत्राशी संबंध थेट नव्हता. मध्ये जॉबर उभा होता. नोकरीला लावणे, माग देणे, रजेनंतर परत घेणे, उधारी मिळवून देणे आणि प्रसंगी राहण्याच्या गाळ्याची सोय करणे ही सारी कामे तोच करी. त्याबद्दल तो ‘दस्तुरी’ घेई. स्त्रियांच्या खात्यांत हीच भूमिका नायकीण बजावीत असे. जॉबर यंत्राचीही देखभाल करी, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. माग बिघडला तर त्याला हात लावणारा आणि कामगाराच्या पोटावर ज्याचा हात होता, तो माणूस एकच होता.

जॉबरच्या सत्तेचे वर्णन जुन्या अहवालांत बहुधा निरंकुश म्हणून केलेले आढळते. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या सत्तेची दुसरी बाजू पुढे आणली. जॉबरची पत वस्तीतील, गावाकडच्या आणि खाणावळीतील संबंधांवर अवलंबून होती. आपल्या माणसांना काम मिळवून देणे त्याला जमले नाही, तर ती माणसे त्याला सोडून जात. म्हणजेच जॉबर हा मालकाचा हात होता, तसाच तो कामगारांच्या दबावाखालीही होता. नव्या यंत्रपद्धतीचा प्रवेश व्हावयाचा तो या दुहेरी बांधलेल्या माणसाच्या हातून.

अशा स्थितीत १९२० च्या दशकातील मंदी आली. जपानी मालाची स्पर्धा वाढली. फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील जकात मंडळाने १९२७ मध्ये अहवाल दिला आणि गिरण्यांनी कार्यक्षमता वाढवावी असा आग्रह धरला. ई. डी. ससून समूहाच्या गिरण्यांनी १९२८ च्या आरंभी यासाठी पाऊल उचलले. दोन माग चालविणाऱ्या विणकराकडे तीन माग द्यावयाचे आणि कताईत एक बाजू सांभाळणाऱ्याकडे दोन बाजू द्यावयाच्या, असा त्याचा आशय होता. त्यातून उद्भवलेला असंतोष वाढत गेला आणि एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर राहिले. याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियनची, म्हणजे ‘लाल बावट्या’ची, नोंदणी झाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. मीरत खटल्यात मार्च १९२९ मध्ये अटक झालेल्यांत श्रीपाद अमृत डांगे यांच्याबरोबर तेही होते.

तिसरा माग हे नवे यंत्र नव्हते, ही गोष्ट या संपाच्या चर्चेत अनेकदा निसटते. तो त्याच शेडमधला, त्याच बनावटीचा माग होता. बदलली होती ती माणसे आणि माग यांची विभागणी. दोघा विणकरांकडे सहा माग गेले की तिसऱ्या विणकराचे काम गेले, हे गणित कोणालाही समजण्यासारखे होते. हा तिसरा विणकर अनोळखी नसे. जॉबरच्या भरतीमुळे एका खात्यात बहुधा एकाच तालुक्याची, कधी एकाच गावची माणसे असत. ती एकाच गाळ्यात राहत आणि एकाच खाणावळीत जेवत. त्यामुळे वाढीव मजुरीचा हिशेब शेडमध्ये मांडला गेला, तरी त्याचा निकाल गाळ्यात लागणार होता.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपात होते. विणकराला कापडाच्या नगावर मजुरी मिळे. सूत कच्चे असले, तर धागा वारंवार तुटे आणि तीन मागांवर धावाधाव करून हाती पडणारी मजुरी कमी होण्याचे भय असे. सुताचा दर्जा कताई खात्यावर आणि मालकाने विकत घेतलेल्या कापसावर अवलंबून होता. लँकेशायरचा विणकर चार माग चालवितो, मग मुंबईचा तीन का चालवीत नाही, असा प्रश्न मालक विचारीत. त्या प्रश्नात सूत, दमट हवा, मजुरी आणि मदतनीस यांचा उल्लेख नसे. विशेष म्हणजे लँकेशायरमध्येही चारांहून अधिक माग देण्याचा प्रयत्न होताच १९३१-३२ मध्ये बर्नली आणि आसपास तीव्र संघर्ष झाला. मागांची संख्या भिन्न असली, तरी हरकतीचे मूळ समान होते.

संपानंतर फॉसेट समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला. त्याच वर्षी दुसरा मोठा संप झाला. शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये जॉबरऐवजी श्रम अधिकाऱ्यामार्फत भरती करण्याची शिफारस केली आणि गिरणी मालक संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली. या साऱ्या उपायांत एक मूक कबुली आहे. मालक आणि शासन यांनी यंत्रपद्धती बदलण्याचा मार्ग शोधताना प्रथम हात घातला तो मागाला नव्हे, तर भरतीच्या नात्याला.

४. धोटा आणि स्पर्श

इथपर्यंतच्या विवेचनावरून कामगारांचे परस्परसंबंध म्हणजे एकजूट आणि एकजूट म्हणजे न्याय, असे समीकरण मांडण्याचा मोह होऊ शकतो. गिरणगावाचाच इतिहास तो मोह आवरावयास लावतो.

मागावर आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवितो आणि तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढतो. जुन्या धाटणीच्या धोट्यात हे टोक ओठ लावून, श्वास आत ओढून काढावे लागे. ही क्रिया दिवसातून असंख्य वेळा होई आणि एकच धोटा निरनिराळ्या विणकरांच्या ओठांना लागे. या एका क्रियेच्या आधारे मुंबईच्या गिरण्यांतील साळखाते, म्हणजे विणाईचे खाते, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना बंद राहिले. साळखात्यात कोकणातील मराठा कामगारांचा आणि उत्तर भारतातून, विशेषतः तत्कालीन संयुक्त प्रांतातून आलेल्या मुस्लिम विणकरांचा भरणा होता. दलित कामगारांना कताई आणि इतर खात्यांत काम मिळे. विणकराची मजुरी अधिक असल्याने स्पर्शाच्या या नियमाचे मोल दरमहा रुपयांत मोजता येत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. साळखात्याची दारे उघडण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ती मागणी आली, परंतु नेत्यांच्या मनातील कचरत कचरत. मालकांना या मागणीला उत्तर देणे सोपे होते: ही बंदी व्यवस्थापनाने घातलेली नसून कामगारांनीच पाळलेली आहे. या उत्तरात सोयीस्कर पळवाट होती, तसेच तथ्यही होते. तिसरा माग नाकारण्यासाठी जी बांधिलकी विणकरांच्या उपयोगी पडली, तीच साळखात्याचे दार लावून घेण्यासाठीही वापरली गेली. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, ही १९३६ मध्ये आंबेडकरांनी मांडलेली भूमिका गिरणीच्या या अनुभवाशी जोडून वाचली असता तिचा आशय अधिक मूर्त होतो.

येथे यंत्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा येतो. ओठ न लावता धागा ओवता येईल अशा धोट्यांचे ज्ञान जगाला अपरिचित नव्हते. अमेरिकेतील ड्रेपर कंपनीने १८९० च्या दशकात बाजारात आणलेल्या नॉर्थ्रॉप मागात कांडी आपोआप बदले आणि धागाही आपोआप ओवला जाई. मॅसॅच्युसेट्स राज्याने ओठांनी धागा ओढण्याची पद्धत १९११ मध्ये आरोग्याच्या कारणास्तव निषिद्ध ठरविली. लँकेशायरमध्ये ती त्यानंतरही अनेक दशके टिकून होती. म्हणजे जेथे जात नव्हती, तेथेही जुना धोटा दीर्घकाळ चालला. कारण तो स्वस्त होता आणि विणकरांना त्याची सवय होती. मुंबईत मात्र त्याच धोट्याला आणखी एक काम मिळाले होते. तो शेडमधील जागा राखून ठेवीत होता.

या दुव्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट लावला पाहिजे. स्वयंचलित धोटा लवकर आला असता, तर भेदाची एक सबब नाहीशी झाली असती, हे खरे. सबबीबरोबर भेदही नाहीसा झाला असता असे मात्र म्हणता येत नाही, कारण पाण्याचा घडा, जेवणाची जागा आणि वस्तीतील चाळी येथे कोणताही धोटा नव्हता आणि तरीही भेद होता. यंत्रातील सुधारणेने नाते आपोआप सुधारत नाही. त्यासाठी नात्यावरच काम करावे लागते. त्याचा एक प्रारंभ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी दिसला. औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध त्या दिवशी झालेल्या एकदिवसीय संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट नेते एकत्र उभे राहिले. दहा वर्षांपूर्वी साळखात्याच्या दाराशी अडलेला संवाद एका दिवसापुरता का होईना, पुढे सरकला होता.

स्त्री-कामगारांच्या वाट्याला असा दिवसही आला नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. वेगवान वाइंडिंग यंत्रे आली, रात्रपाळीवर स्त्रियांना बंदी होती, आणि त्यांची संख्या सतत घटत गेली. मागांच्या संख्येवर दीड लाखांचा संप झाला. स्त्रियांच्या खात्यांतील यंत्रांविषयी तेवढा आवाज उठला नाही. वाटाघाटीच्या मेजाशी ज्यांचे नाते नव्हते, त्यांच्या जागी यंत्र विनासायास बसले.

५. अहमदाबादचा प्रयोग

मुंबईच्या शेजारी, अहमदाबादमध्ये, संबंधांची घडण निराळी होती. तेथे महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली १९२० मध्ये स्थापन झालेला मजूर महाजन संघ आणि मालकांची संघटना यांच्यात लवादाची परंपरा रुजली होती. सुसूत्रीकरणाचा प्रश्नही १९३५ च्या दिल्ली करारात चर्चेने हाताळला गेला. तरीही १९५२ मध्ये कॅलिको समूहाच्या गिरणीत स्वयंचलित माग बसविले गेले, तेव्हा उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही आणि सदोष कापडाचे प्रमाण कमी झाले नाही. संप नव्हता, मोडतोड नव्हती, उघड विरोधही नव्हता. केवळ काम जमत नव्हते.

गौतम साराभाई यांच्या पुढाकाराने लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांनी १९५८ च्या ग्रंथात नोंदविलेले निरीक्षण आज अभिजात मानले जाते. शेडमध्ये २२४ माग आणि २९ कामगार होते. कामाचे बारा तुकडे पाडण्यात आले होते. विणकर, कांड्या भरणारा, तुटलेले धागे जोडणारा, तेल घालणारा, झाडणारा असे प्रत्येकाचे काम ठरलेले होते. परंतु प्रत्येकाकडील मागांची संख्या निराळी होती. विणकराकडे २४ ते ३२ माग असत, तर कांड्या भरणाऱ्याकडे आणि धागे जोडणाऱ्याकडे त्याहून अधिक. परिणामी कोणत्याही दोघांची जबाबदारी एकसारखी नव्हती. कोणाच्या चुकीने माग थांबला, हे ठरविता येत नव्हते आणि कोणाला कोणाची मदत मागावी, हेही ठरलेले नव्हते. यंत्र अभियंत्याच्या दृष्टीने पूर्ण होते. माणसांचा संच मात्र तयार झालेला नव्हता.

राइस यांनी १९५३ मध्ये सुचविलेली कल्पना साधी होती. ठरावीक मागांसाठी एक छोटा गट असावा आणि त्या मागांचे सारे काम त्याने आपसांत वाटून घ्यावे. ही कल्पना मांडली जाताच कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ती उचलली आणि गटांची रचना स्वतःच केली. कोणी कोणाबरोबर काम करावयाचे, हे त्यांनी एकमेकांना निवडून ठरविले. ६४ मागांना सात जणांचा गट अशी व्यवस्था बसली. सुरुवातीच्या चढउतारानंतर कार्यक्षमता वाढली आणि सदोष मालाचे प्रमाण घटले. यंत्र तेच होते. एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींविषयी हेच सांगितले होते: नवे यंत्र आणताना जुने छोटे गट मोडले गेले आणि त्यांच्याबरोबर कामातील परस्परांचा आधारही गेला.

मुंबईच्या १९२८ शी या प्रयोगाची तुलना उद्बोधक ठरते. ससूनच्या गिरण्यांत नाते घट्ट होते आणि नव्या पद्धतीने ते तोडण्याचा धोका होता. म्हणून उघड नकार आला. अहमदाबादच्या शेडमध्ये स्वयंचलित मागांभोवती नातेच तयार झाले नव्हते. म्हणून नकार आला नाही आणि स्वीकारही झाला नाही. उघड विरोधाचा अभाव म्हणजे स्वीकार, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

तरीही मागील विभागातील प्रश्न येथेही पाठ सोडीत नाही. ‘एकमेकांना निवडणे’ हे या प्रयोगाच्या यशाचे मर्म होते. अहमदाबादेतही विणाई सवर्ण हिंदू आणि मुस्लिम कामगारांकडे आणि कताई मुख्यतः दलितांकडे अशी विभागणी रूढ होती. निवडीचे स्वातंत्र्य शेडच्या आत होते. शेडमध्ये कोण असणार, हे आधीच ठरलेले होते. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रयोगाचा गौरवाने उल्लेख होतो, तेव्हा शेडच्या या दाराचा उल्लेख सहसा नसतो.

६. साहित्यातील यंत्र

युरोपीय साहित्यात यंत्राचे आगमन बहुधा नाट्यमय प्रसंग म्हणून येते. शार्लट ब्राँटीच्या ‘शर्ली’ (१८४९) या कादंबरीत गिरणीसाठी येणारी यंत्रे रात्री माळरानावर फोडली जातात. गेरहार्ट हाउप्टमान यांच्या ‘विणकर’ (१८९२) या नाटकात १८४४ चे सिलेशियातील बंड आहे. उपाशी जमाव व्यापाऱ्याच्या घरावर आणि नंतर यांत्रिक मागांवर चालून जातो, तर हातमागाशी बसून राहिलेला वृद्ध हिल्झे बंदुकीच्या गोळीने मरतो. अर्न्स्ट टॉलर यांच्या १९२२ च्या नाटकात यंत्रे फोडू नका असे सांगणारा नायकच जमावाच्या हातून मारला जातो. या तिन्ही कृतींत यंत्र बाहेरून येते. आत आहे ते समुदायाचे जुने जग.

मराठी साहित्यात गिरणी प्रवेशली तोवर यंत्राचे आगमन ही जुनी गोष्ट झाली होती. भा. वि. ऊर्फ मामा वरेरकर यांच्या ‘धावता धोटा’ या १९३० च्या दशकातील कादंबरीच्या शीर्षकातच यंत्राचा भाग आहे. पण तो फोडावयाची वस्तू म्हणून नव्हे, तर चालू असलेल्या जीवनाची गती म्हणून. पुढे अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल यांच्या लेखनातील कामगारजगातही संघर्ष आहे तो बहुधा माणसांशी: मुकादमाशी, मालकाशी, सावकाराशी, जातीशी. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतरचे गिरणगावातील घर आहे. तेथे यंत्र थांबलेले आहे आणि त्याच्या थांबण्याने घरातील प्रत्येक नाते सैल झाले आहे. यंत्राच्या येण्याने समुदाय मोडतो, ही युरोपीय कथनाची रचना आहे. यंत्राच्या जाण्याने समुदाय मोडतो, ही गिरणगावाची. तौलनिक अभ्यासात हा फरक केवळ विषयांतील भेद म्हणून नोंदविणे अपुरे आहे. गिरणगावातील समुदायच यंत्राभोवती जन्मला होता, या ऐतिहासिक वस्तुस्थितीचे ते साहित्यिक रूप आहे.

७. समारोप

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला कायद्याची भाषा मिळाली. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार सुसूत्रीकरणासारख्या बदलांसाठी पूर्वसूचना देणे आवश्यक ठरले. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सुसूत्रीकरणाची सूत्रे निश्चित केली: असलेल्या कामगारांची छाटणी नको, कामाच्या भाराचे योग्य मोजमाप हवे आणि लाभाचे न्याय्य वाटप हवे. बँकांतील यांत्रिकीकरणही १९८३ च्या द्विपक्षीय कराराच्या मार्गाने आले. पूर्वसूचना, मोजमाप आणि वाटप या तिन्ही गोष्टी यंत्राविषयीच्या वाटल्या, तरी वास्तविक त्या नात्याविषयीच्या आहेत. यंत्र आणण्यापूर्वी ज्याच्या हातात ते जाणार आहे त्याला विचारावे, हा त्यांचा गाभा आहे. मात्र करार करणारे जे दोन पक्ष, त्यांच्या बाहेर राहिलेल्यांना कराराची ही भाषा सहसा ऐकू येत नाही, हेही साळखात्याच्या आणि वाइंडिंग खात्याच्या इतिहासावरून दिसते.

या विवेचनाच्या प्रकाशात सरोजिनी नगरचे उदाहरण पुन्हा पाहता येते. तेथे आलेल्या पेट्यांमध्ये एका पूर्ण स्कूटरचे ज्ञान होते. लांब्रो नदीवरून पडलेले नावही त्यांच्याबरोबर आले होते. त्या कारखान्याच्या वाटचालीला बाजार, शासकीय धोरण आणि स्पर्धा यांची अनेक कारणे आहेत, आणि त्या सर्वांचे खापर एका सूत्रावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु कारखाना विकत घेता येतो, या कल्पनेची मर्यादा त्यातून स्पष्ट होते. यंत्र एका दिवसात बसविता येते. त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस, त्या माणसाच्या शेजारी उभा राहणारा दुसरा माणूस आणि त्या दोघांना शेडमध्ये येऊ देणारे दार, ही तीन बाबी स्थानिक असतात आणि त्यांना वेळ लागतो.

नव्या तंत्रज्ञानाविषयीच्या चर्चेत ‘कामगार तयार आहे का’ असा प्रश्न विचारण्याची प्रथा आहे. गिरणगावाचा इतिहास त्या प्रश्नाची फेरमांडणी मागतो. तिसऱ्या मागाने विचारले होते की ज्याचे काम जाणार आहे तो कोणाचा कोण. धोट्याने विचारले होते की तो कोणाच्या ओठांना लागू शकतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या आराखड्यात नव्हती. ती शेडमध्ये, गाळ्यात आणि खाणावळीत, माणसे एकमेकांशी जशी वागत होती त्या वागण्यात होती.